हलक्या इलेक्ट्रिक डर्ट बाइकचा पुढचा फोर्क : सुधारणा कशी करावी आणि कोणत्या क्रमाने

प्रस्तावना

सुर-रॉन लाइट बी सारख्या इलेक्ट्रिक डर्ट बाइक सायकल आणि मोटरसायकल यांच्या मध्ये कुठेतरी बसतात. वजन पन्नास-साठ किलोच्या आसपास, चाके १९ इंची आणि पुढच्या फोर्कचा प्रवास साधारण २०० मिमी. मोटारीचा टॉर्क शून्य वेगापासून मिळत असल्याने नवखा चालकही थोड्याच दिवसांत उड्या मारू लागतो. त्यानंतरची पहिली तक्रार बहुतेक वेळा एकच असते, की उडीनंतर पुढचा फोर्क तळाला आदळतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या तिसऱ्या वर्षाच्या एका गटाने हीच तक्रार आणली. मी काही न मोजता सांगितले, ‘कडक स्प्रिंग टाकून बघा.’ मुलांनी वर्गणी काढून कडक स्प्रिंग बसवल्या. आदळणे जवळजवळ तसेच राहिले. भरीला भर म्हणजे खडकाळ वळणावर पुढचे चाक जमिनीवर टिकेना. दुसऱ्याच आठवड्यात एका मुलाच्या मनगटाला प्लास्टर बसले. नंतर कागदावर हिशोब मांडला, तेव्हा माझा सल्ला का चुकला ते दहा मिनिटांत कळले. तोच हिशोब या टिपणात मांडला आहे. तो करायला बारावीचे भौतिकशास्त्र आणि पहिल्या वर्षाचे यांत्रिकी पुरते.

या टिपणातून काय शिकाल

- फोर्कवर येणारा भार मोजून स्प्रिंगची निवड करणे
- उडी आणि ब्रेक या दोन प्रसंगांत फोर्क किती दबेल याचा अंदाज घेणे
- स्प्रिंग, हवा आणि डॅम्पर यांची कामे वेगवेगळी ओळखणे
- संपूर्ण फोर्क बदलताना भूमिती आणि बसवणी तपासणे

१. फोर्कच्या आत काय असते

टेलिस्कोपिक फोर्कमध्ये दोन पाय असतात. प्रत्येक पायात एक नळी दुसरीत सरकते. आत तीन गोष्टी काम करतात.

स्प्रिंग भार उचलते आणि दबताना ऊर्जा साठवते. साठवलेली ऊर्जा ती परत करते, नष्ट करत नाही. काही फोर्कमध्ये धातूच्या स्प्रिंगऐवजी पंपाने भरलेली हवा असते.

डॅम्पर तेलाला अरुंद वाटेतून जायला लावतो आणि गतिज ऊर्जेची उष्णता करतो. फोर्क दबतानाचे डॅम्पिंग ते कॉम्प्रेशन आणि उघडतानाचे ते रिबाउंड.

तेलाच्या वर कोंडलेली हवा ही तिसरी गोष्ट. तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही, पण प्रवासाच्या शेवटच्या भागात तीच दुसऱ्या स्प्रिंगचे काम करते.

सुधारणा म्हणजे या तिघांपैकी नेमके कोण कमी पडते आहे ते ओळखणे. सुटे भाग विकत घेणे त्यानंतर.

२. आधी मोजमाप : भार आणि सॅग

चालक गाडीवर बसल्यावर फोर्क स्वतःहून जितका दबतो त्याला सॅग म्हणतात. तो शून्य असून चालत नाही. खड्डा आला की चाकाला खाली जायला जागा हवी आणि ती जागा सॅगमधूनच मिळते. डर्ट बाइकसाठी एकूण प्रवासाच्या साधारण २५ टक्के सॅग धरतात. २०० मिमी प्रवासाला तो ५० मिमी होतो.

मोजण्याची पद्धत अशी. पुढचे चाक उचलून फोर्क पूर्ण उघडा आणि ॲक्सलपासून खालच्या क्लॅम्पपर्यंतचे अंतर टिपा. मग चालकाला हेल्मेट, बूट, सगळ्या साहित्यासह नेहमीच्या स्थितीत उभे करा. फोर्क हलकेच दाबून सोडा आणि अंतर टिपा. नंतर हँडल थोडे उचलून सोडा आणि पुन्हा टिपा. या दोन मापांची सरासरी पूर्ण उघड्या मापातून वजा केली की सॅग मिळतो.

या दोन मापांमधला फरक हा फोर्कमधल्या घर्षणाचा पुरावा आहे. फरक मोठा असेल तर सील कोरडे आहेत, नळी वाकली आहे किंवा ॲक्सल घट्ट करताना दोन्ही पाय एकमेकांना समांतर राहिलेले नाहीत. शेवटच्या दोषाला पैसे लागत नाहीत. ॲक्सलचे पकड-बोल्ट सैल करा, फोर्क चार-पाच वेळा दाबा, पाय आपोआप जुळले की बोल्ट पुन्हा घट्ट करा. पुष्कळदा ‘खराब’ ठरवलेला फोर्क एवढ्यानेच सुधारतो.

३. स्प्रिंगचे गणित

उदाहरणासाठी पुढील आकडे घेऊ. गाडी आणि चालक मिळून १३० किग्रॅ. पुढच्या चाकाखाली वजनकाटा ठेवल्यावर ६० किग्रॅ दिसतात. त्यातले चाक, टायर, ब्रेक आणि फोर्कचा चाकाबरोबर हलणारा भाग यांचे १० किग्रॅ स्प्रिंगवर येत नाहीत. म्हणून स्प्रिंगने उचलायचे वस्तुमान ५० किग्रॅ, म्हणजे भार ४९० न्यूटन.

फोर्क उभ्या रेषेशी २६ अंश कललेला आहे असे धरू. त्याच्या अक्षावर येणारे बल असे :

४९० × कोसाइन २६° = ४९० × ०.९ = ४४१ न्यूटन

स्प्रिंग बसवतानाच १० मिमी दाबलेली आहे, म्हणजे प्रीलोड १० मिमी. सॅग ५० मिमी हवा असेल तर स्प्रिंग एकूण ६० मिमी दबेल.

स्प्रिंग दर = ४४१ ÷ ६० = ७.३५ न्यूटन प्रति मिमी

हा दोन्ही पायांचा मिळून दर आहे. प्रत्येक पायात स्प्रिंग असेल तर एकीचा दर साधारण ३.७ न्यूटन प्रति मिमी.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. प्रीलोड वाढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही, दर तोच राहतो. फक्त गाडीची पुढची बाजू थोडी उंच बसते. योग्य सॅग मिळवण्यासाठी प्रीलोडचा पेच खूप फिरवावा लागत असेल तर स्प्रिंगचा दरच चुकीचा आहे असे समजा.

४. उडीचा हिशोब : कडक स्प्रिंग का पुरत नाही

आता मूळ तक्रारीकडे येऊ. गाडी ६० सेंमी उंचीवरून सपाट जमिनीवर दोन्ही चाकांनी उतरली असे समजा. पुढच्या भागाने किती ऊर्जा झेलायची?

- उंचीमुळे : ४९० × ०.६ = २९४ जूल
- फोर्क पूर्ण दबेपर्यंत पुढचा भाग आणखी ०.१८ मीटर खाली येतो : ४९० × ०.१८ = ८८ जूल
- एकूण : ३८२ जूल

स्प्रिंग किती साठवते? प्रीलोड १० मिमी आणि प्रवास २०० मिमी, म्हणून तिचा दाब १० वरून २१० मिमीपर्यंत जातो.

½ × ७.३५ × (२१०² − १०²) = १,६१,७०० न्यूटन-मिमी, म्हणजे सुमारे १६२ जूल

कोंडलेली हवा आणखी सुमारे २१ जूल घेते (तिचा हिशोब पुढे आहे). दोन्ही मिळून १८३ जूल. उरलेले जवळजवळ २०० जूल डॅम्परने आणि चालकाच्या हातापायांनी खायचे आहेत. त्यांना जमले नाही तर फोर्क तळाला आदळणारच.

आता आमच्या मुलांनी केले तेच करू आणि ७.३५ ऐवजी ९ न्यूटन प्रति मिमीची स्प्रिंग टाकू. साठवण १९८ जूल होते, म्हणजे वाढ ३६ जूलची. ३६ भागिले ४९० केले तर उत्तर येते ०.०७ मीटर. सुमारे २२ टक्के कडक स्प्रिंग टाकून उडीची सोसण्याजोगी उंची फक्त सात सेंटिमीटरने वाढली. त्यासाठी मोजलेली किंमत मात्र मोठी आहे. सॅग ४५ मिमीच्या आसपास होता तो ३६ मिमीवर आला. चाकाला खड्ड्यात उतरायला जागा कमी झाली आणि खडकाळ वळणावर टायर जमिनीवरून उचलला जाऊ लागला. शिवाय स्प्रिंगने जास्त साठवले म्हणजे ती परतही जास्त करणार. रिबाउंड डॅम्पिंग तेच राहिले, त्यामुळे उतरल्यावर पुढची बाजू वर उसळू लागली. मनगटाच्या प्लास्टरचे मूळ इथे होते.

निष्कर्ष असा : स्प्रिंग सॅगवरून निवडा. आदळणे थांबवण्यासाठी आधी डॅम्पर आणि तेलाची पातळी पाहा.

५. डॅम्पिंग : वेगानुसार बदलणारे बल

स्वस्त फोर्कमध्ये डॅम्पर म्हणजे भोके असलेली एक दांडी असते. ठरावीक भोकातून तेल वेगाने जाते तेव्हा प्रवाह खळबळीचा असतो आणि बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फोर्क ०.२ मीटर प्रति सेकंद वेगाने दबताना ३० न्यूटन बल मिळत असेल, तर २ मीटर प्रति सेकंदाला ते शंभरपट, म्हणजे ३,००० न्यूटन होईल. हळू हालचालीत जवळजवळ काहीच नाही आणि दगडाच्या धक्क्याला एकदम भिंत! म्हणून अशा फोर्कबद्दल चालक दोन उलट्या तक्रारी एकाच वेळी करतात. ब्रेक लावला की तो नाक खुपसतो आणि दगडावर हाताला झटके देतो. दोन्ही तक्रारी खऱ्या असतात.

कार्ट्रिज प्रकारच्या डॅम्परमध्ये पिस्टनच्या भोकांवर पातळ पोलादी चकत्यांचा थर असतो. दाब वाढला की चकत्या वाकतात आणि तेलाला जास्त वाट मिळते. त्यामुळे वेग दहापट झाला तरी बल शंभरपट होत नाही, ते साधारण वेगाच्या प्रमाणात किंवा त्याहूनही सावकाश वाढते. चकत्यांची जाडी, व्यास आणि संख्या बदलून हवा तसा आलेख मिळवता येतो. पैसे खर्च करायचेच असतील तर सर्वाधिक फायदा बहुधा याच सुधारणेतून होतो.

डॅम्पिंग किती हवे याचा अंदाज घेऊ. कललेल्या फोर्कचा उभ्या दिशेतला दर = ७.३५ ÷ कोसाइन²२६° = ९.१ न्यूटन प्रति मिमी. ५० किग्रॅ वस्तुमानाला नैसर्गिक कंप्रता येते सुमारे २.१५ हर्ट्झ आणि क्रांतिक अवमंदन सुमारे १,३५० न्यूटन-सेकंद प्रति मीटर. प्रत्यक्षात यापेक्षा बरेच कमी ठेवतात आणि रिबाउंड कॉम्प्रेशनपेक्षा जास्त ठेवतात. कारण सोपे आहे. दबताना स्प्रिंग डॅम्परच्या मदतीला असते. उघडताना तीच स्प्रिंग ढकलत असते आणि डॅम्परला तिला एकट्याने आवरावे लागते.

तेल बदलणे हा सर्वांत स्वस्त प्रयोग आहे, पण त्याची मर्यादा ओळखा. घट्ट तेलाने कॉम्प्रेशन आणि रिबाउंड दोन्ही एकदम वाढतात. ‘५ डब्ल्यू’ किंवा ‘१० डब्ल्यू’ या छापावर विसंबू नका, कारण दोन कंपन्यांची एकाच छापाची तेले प्रत्यक्षात वेगळ्या घट्टपणाची असू शकतात. डब्यावर ४० अंश सेल्सिअसला सेंटीस्टोक्समध्ये दिलेला आकडा पाहून तुलना करा. उन्हाळ्यात तेल पातळ होते हेही लक्षात घ्या. शिलाँगच्या थंडीत बसवलेली सेटिंग जोधपूरच्या मे महिन्यात तशीच लागू पडणार नाही.

६. तेलाची पातळी : फुकटातली दुसरी स्प्रिंग

फोर्क पूर्ण दाबून, स्प्रिंग काढून, नळीच्या तोंडापासून तेलापर्यंतचे अंतर मोजतात. त्याला हवेची पोकळी म्हणू. ती १५० मिमी असेल तर फोर्क उघडा असताना हवेचा स्तंभ १५० + २०० = ३५० मिमी होतो. सोयीसाठी क्षेत्रफळ सगळीकडे सारखे धरू. नळीचा व्यास ३७ मिमी असेल तर ते १,०७५ चौ. मिमी. बॉइलच्या नियमाने, वातावरणाचा दाब ०.१ न्यूटन प्रति चौ. मिमी धरून, प्रत्येक पायाचे हवेचे बल असे येते :

- पोकळी १५० मिमी : ५० मिमी दाबावर १८ न्यूटन, २०० मिमी दाबावर १४३ न्यूटन
- पोकळी १०० मिमी : ५० मिमी दाबावर २१ न्यूटन, २०० मिमी दाबावर २१५ न्यूटन

पातळी ५० मिमीने वाढवली तर सुरुवातीला तीन-चार न्यूटनांचा फरक पडला, शेवटी मात्र ७२ न्यूटनांचा. सॅग जवळजवळ हलला नाही आणि शेवटचा भाग कडक झाला. प्रत्यक्षात दाबणे झटकन होते, हवा तापते आणि बल याहून थोडे जास्त मिळते. म्हणून सॅग बरोबर असूनही फोर्क अधूनमधून आदळत असेल तर पहिला उपाय तेलाची पातळी. एका वेळी ५ ते १० मिमीच वाढवा आणि उत्पादकाने दिलेली मर्यादा ओलांडू नका. हवा फारच कमी राहिली तर दाब सीलवर येतो आणि तेल गळू लागते.

७. ब्रेक लावल्यावर

फक्त पुढचा ब्रेक लावून ०.६ गुरुत्व इतके मंदन मिळाले असे धरू. गुरुत्वमध्याची उंची ०.८५ मीटर आणि दोन ॲक्सलमधले अंतर १.२६ मीटर.

- ब्रेकचे बल : १३० × ९.८१ × ०.६ = ७६५ न्यूटन
- पुढे सरकणारा भार : ७६५ × ०.८५ ÷ १.२६ = ५१६ न्यूटन
- भाराचा अक्षावरचा भाग : ५१६ × ०.९ = ४६४ न्यूटन
- ब्रेकच्या बलाचा अक्षावरचा भाग : ७६५ × साइन २६° = ३३५ न्यूटन

कललेल्या फोर्कमध्ये ब्रेकचे बलही नळ्या दाबते, हे विद्यार्थी बहुधा विसरतात. आधीचे ४४१ धरून एकूण १,२४० न्यूटन होतात. हवेची मदत धरूनही फोर्क सुमारे १४० मिमी दबेल. पुढच्या दगडासाठी फक्त ६० मिमी उरले.

कॉम्प्रेशन डॅम्पिंग वाढवले तर नाक खुपसणे हळू होईल, पण ब्रेक धरून ठेवला तर शेवटी फोर्क तेवढाच दबेल. अंतिम स्थिती स्प्रिंग आणि हवा ठरवतात, तिथे पोचायला लागणारा वेळ डॅम्पर ठरवतो.

८. संपूर्ण फोर्क बदलताना

वरचे सर्व करूनही गरज राहिली तरच हा टप्पा. जाड नळीचा फायदा खरा आहे. भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास ३५ वरून ४० मिमी केला तर वाकण्याविरुद्धचा ताठपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे दीडपट होतो. उलट्या फोर्कमध्ये जाड नळी क्लॅम्पकडे येते आणि वाकवणारा आघूर्ण तिथेच सर्वाधिक असतो.

पण लांबी बदलली की भूमिती बदलते. पुढच्या चाकाची ट्रेल अशी काढतात :

ट्रेल = (चाकाची त्रिज्या × कलाचा साइन − ऑफसेट) ÷ कलाचा कोसाइन

त्रिज्या ३१०, कल २६ अंश आणि ऑफसेट ४० मिमी धरला तर ट्रेल १०७ मिमी येते. फोर्क ३० मिमी लांब घेतला तर पुढची बाजू २७ मिमी उचलली जाते आणि १,२६० मिमी लांबीच्या गाडीचा कल सुमारे १.२ अंशाने वाढतो. ट्रेल ११४ ते ११५ मिमी होते, हँडल जड लागते आणि घट्ट वळणात पुढचे चाक बाहेर पळते. उलट, लांबी तीच ठेवून ऑफसेट ५० मिमी केला तर ट्रेल ९६ मिमीपर्यंत घटते आणि वेगात हँडल अस्थिर वाटू शकते. म्हणून खरेदीपूर्वी ॲक्सल ते क्लॅम्प लांबी आणि ऑफसेट दोन्ही मोजा.

डाउनहिल सायकलींचे दुहेरी क्लॅम्पचे फोर्क, उदाहरणार्थ ४० मिमी नळ्या आणि २०३ मिमी प्रवासाचा फॉक्स ४०, या गाड्यांवर बसवलेले दिसतात. ते हलके असतात आणि त्यांचे डॅम्पर उत्तम असतात. पण त्यांची रचना गाडीच्या एक-तृतीयांश वजनाच्या सायकलीसाठी आहे. उत्पादकाची वापराची मर्यादा वाचल्याशिवाय हा मार्ग घेऊ नका.

बसवण्याआधी हे तपासा :

- ॲक्सलचा व्यास, हबची रुंदी, डिस्क आणि कॅलिपर यांची जागा
- स्टिअरिंग नळीचा व्यास, लांबी आणि बेअरिंग
- स्प्रिंग काढून किंवा हवा सोडून फोर्क पूर्ण दाबल्यावर टायर खालच्या क्लॅम्पला लागतो का
- हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवल्यावर नळ्या फ्रेमला लागतात का
- फोर्क पूर्ण उघडल्यावर ब्रेकची नळी ताणली जाते का

तिसरी तपासणी कधीही टाळू नका. टायर क्लॅम्पला लागला तर उडीनंतर पुढचे चाक क्षणार्धात थांबते आणि चालक हँडलवरून पुढे फेकला जातो.

९. सुधारणेचा क्रम

१. घर्षण आणि पायांची समांतरता तपासा, सील व तेल बदला.
२. सॅग मोजा आणि त्यावरून स्प्रिंगचा दर किंवा हवेचा दाब ठरवा.
३. रिबाउंड, मग कॉम्प्रेशन. एका वेळी एकच पेच, एकच पायरी, आणि प्रत्येक बदलाची वहीत नोंद.
४. तेलाची पातळी.
५. कार्ट्रिज किंवा चकत्यांचा थर.
६. शेवटी, गरज असेल तरच, संपूर्ण फोर्क.

पुढचा फोर्क सुधारल्यावर मागचा शॉकही पुन्हा जुळवा. एकच टोक बदलले तर गाडीचा समतोल बिघडतो.

सुरक्षितता

वरची टोपी उघडण्याआधी पुढचे चाक जमिनीवरून उचलून गाडी पक्की टेकवा, हवा सोडा आणि प्रीलोड कमी करा. दाबलेली स्प्रिंग टोपी उडवू शकते, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवा. क्लॅम्पचे बोल्ट टॉर्क पान्यानेच आणि उत्पादकाच्या आकड्याप्रमाणेच आवळा. ते जास्त आवळल्यास नळी चेपते आणि फोर्क अडकतो. नोंदणी नसलेली डर्ट बाइक सार्वजनिक रस्त्यावर नेऊ नका. नोंदणीकृत वाहनात फेरफार करण्यावर मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार बंधने आहेत.

सारांश

स्प्रिंग भार उचलते, डॅम्पर ऊर्जा खातो, कोंडलेली हवा शेवट सांभाळते. तक्रार ऐकल्यावर यातले कोणते काम बिघडले आहे ते आधी मोजून ठरवा. एक मोजपट्टी, एक वजनकाटा आणि एक वही यांनी सुरुवात होते. आमच्या गटाने शेवटी जुनी स्प्रिंग परत बसवली, तेलाची पातळी वाढवली आणि रिबाउंड नीट लावले. कडक स्प्रिंगची जोडी आता प्रयोगशाळेच्या कपाटात असते आणि दरवर्षी या तासाला मी ती वर्गात दाखवतो.

स्वाध्याय

१. स्प्रिंगवरचे वस्तुमान ६० किग्रॅ असेल आणि बाकी आकडे तेच असतील, तर ५० मिमी सॅगसाठी स्प्रिंगचा दर काढा. (उत्तर : सुमारे ८.८ न्यूटन प्रति मिमी)
२. फोर्क २० मिमी लांब घेतल्यास नवी ट्रेल काढा. (उत्तर : सुमारे ११२ मिमी)
३. ९ न्यूटन प्रति मिमीच्या स्प्रिंगने, कलम ७ मधल्या ब्रेकच्या प्रसंगी फोर्क किती दबेल? हवेचे बल धरून आणि न धरता दोन्ही उत्तरे काढा.
४. तुमच्या जवळच्या कोणत्याही दुचाकीचा पुढचा सॅग मोजा. दाबून आणि उचलून मिळालेल्या मापांतील फरकावरून घर्षणबलाचा अंदाज घ्या.